वेवजीच्या कोंबड्याची तपासणी

मला राग पटकन येतो, आणि राग आला की मी नियम लिहिते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हापासूनची ही सवय. प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्या अक्षरातले एकवीस नियम लावलेले असायचे आणि प्रत्येक नियमामागे एकेक कार्टं होतं. ‘परीक्षानळीतून सरबत पिऊ नये’ हा नियम ज्यांच्यामुळे लिहावा लागला, ते गृहस्थ आता मोठे वकील आहेत आणि रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. तेव्हा नियमांचा उपयोग होतो असं माझं मत आहे.

निवृत्तीनंतर मी आमच्या मसोलीच्या वाचनालयाच्या समितीवर गेले. समिती म्हणजे तिघं. अध्यक्ष चिकूच्या वाडीचे मालक, सत्तरी उलटलेले, इतके मऊ की चिकू तोडतानासुद्धा झाडाची माफी मागतील. दुसरी आमची ग्रंथपाल, चाळिशीची, कमी बोलणारी. वाचनालयाचा शिक्का ती कायम पर्समध्ये घेऊन फिरते, कारण कपाटात ठेवला तर कोणीतरी कशावर तरी मारेल अशी तिला भीती. आणि तिसरी मी.

वाचनालय दरवर्षी विज्ञानकथा स्पर्धा घेतं. मी यायच्या आदल्या वर्षी पहिल्या आलेल्या कथेत नायक चंद्रावर उतरतो, तीन दगड मांडतो, चूल पेटवतो आणि भात लावतो. मी अध्यक्षांना विचारलं, चंद्रावर हवा नाही, चूल पेटली कशी?

“अहो बाई, कथा आहे ती.”

“मग नुसती कथा म्हणा. विज्ञान कशाला मध्ये आणता?”

“यान आहे ना तिच्यात,” अध्यक्ष म्हणाले.

इथून आमचं व्याख्येचं भांडण सुरू झालं आणि ते दोन महिने चाललं. अध्यक्षांचं म्हणणं, ज्यात यान येतं ती विज्ञानकथा. मी विचारलं, पाणबुडी आली तर? ते म्हणाले, पाण्यातलं यान. काहीच न येता नुसती गोळी खाऊन माणूस अदृश्य झाला तर? ते बराच वेळ छताकडे बघत बसले आणि म्हणाले, गोळी पोटात जाते ना, मग तेही एक प्रकारचं यानच. मी हात टेकले. ग्रंथपालबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “जी विज्ञानाच्या कपाटात ठेवली की लोक खोटी आहे म्हणून परत आणतात, आणि कथांच्या कपाटात ठेवली की कोणी उघडत नाही, ती विज्ञानकथा.” त्यांनी ती सगळी पुस्तकं आरोग्य आणि पाककृती यांच्या मधल्या खणात ठेवली होती. तिथे ती बरी खपत होती म्हणे.

शेवटी मी माझी व्याख्या केली. विज्ञानकथेत एक गोष्ट खोटी असावी. एकच. ती कितीही मोठी असू दे, पण ती एकदा मान्य केली की पुढचं सगळं खरं असलं पाहिजे. चंद्रावर माणूस राहतो ही खोटी गोष्ट मी घेतली, मग त्याने तिथे चूल पेटवायची नाही. आजही मला ही व्याख्या बरी वाटते. दोष माझा एवढाच की मी ती रागात कागदावर उतरवली. जाहिरातीवर मी दोनच नियम छापायला लावले. पहिला, कथेत एकच गोष्ट कल्पित असावी, बाकी सर्व खरे असावे. दुसरा, परीक्षक आवश्यक तेथे प्रत्यक्ष येऊन तपासणी करतील. दुसरा नियम नुसता धाक म्हणून होता. चंद्रावर जाऊन चूल बघायचा माझा काही विचार नव्हता.

ग्रंथपालबाईंनी जाहिरात डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांत लावली. शाळांत, ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर, तलासरीच्या बसस्टँडवर. चौदा कथा आल्या. नावं वेगळ्या बंद पाकिटात, कथांवर नुसते क्रमांक. वरोरहून आलेल्या कथेत उन्हाशिवाय बोंबील सुकवायचं यंत्र होतं. ते इतकं जोरात चालतं की वास मंगळावर पोचतो आणि मंगळावरचे लोक ग्रामपंचायतीत तक्रार घेऊन येतात. दुसऱ्या एका कथेत शंभर वर्षांनंतरची उडती शेअर रिक्षा होती, पण चौथी सीट भरल्याशिवाय ती जमीन सोडत नव्हती. एका कथेत चिकू तोडणारा यंत्रमानव होता. अध्यक्षांना तो फार आवडला, कारण तो चिकू तोडण्याआधी झाडाला हात जोडत होता.

उरलेल्यांपैकी सहा कथांत जमीन हलत होती. बाहेरच्या परीक्षकाला ते अद्भुत वाटलं असतं, पण आमच्याकडे काही वर्षांपासून जमीन हलतेच. आधी खालून घुर्र असा आवाज येतो, मग मांडणीवरची भांडी वाजतात, मग संपतं. “काल तुमच्याकडे हलली का?” हे आमच्यात पावसापाण्याच्या चौकशीसारखं विचारलं जातं. तेव्हा त्या सहा कथांवर अध्यक्षांनी ‘वास्तववादी’ असा शेरा मारला आणि त्या बाजूला ठेवल्या.

त्या सहांतच क्रमांक नऊ होती. गणिताच्या वहीची अडीच पानं, निळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. सुरुवात अशी होती: ‘आमच्या घरी एक पांढरा कोंबडा आहे. जमीन हलायच्या आधी तो ओरडतो. अजून एकदाही चुकला नाही.’ पुढे कोंबडा केव्हा ओरडला, जमीन केव्हा हलली, घरातले तेव्हा काय करत होते, एवढंच. यान नाही, शास्त्रज्ञ नाही, कोणाचं कोणावर प्रेम नाही. शेवटचं वाक्य होतं, ‘म्हणून हा कोंबडा कोणी कापू नये.’

मी ती दोनदा वाचली. इतकं साधं लिहिणं मला आयुष्यात जमलेलं नाही. अध्यक्षांनी वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. “काय शेवट आहे. कोंबडा म्हणजे सामान्य माणूस. आधी ओरडतो, पण ऐकतो कोण?” ते म्हणाले. मी म्हटलं, मला कोंबडा हा कोंबडाच वाटतोय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, पहिला नंबर हीच. तिघांचं एकमत झालं, आमच्या समितीत पहिल्यांदाच.

आणि मग माझ्याच नियमात माझा पाय अडकला. कथेत एक गोष्ट खोटी हवी. हिच्यात खोटी कोणती? कोंबड्याला आधी कळतं ही खोटी असेल तर ती उत्तम विज्ञानकथा. पण लिहिणारा इतक्या शांतपणे वेळा देत होता की मला शंका आली. समजा हे सगळं खरंच असलं तर? मग ती विज्ञानकथा नव्हे, नुसतं विज्ञान. मग तिला बक्षीस देता येत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, एवढं काय, देऊन टाकू. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, तपासणी करू. कथा खोटी आहे याची खात्री करायला परीक्षक लेखकाच्या घरी निघाले, असं जगात दुसरीकडे कुठे झालं असेल तर मला माहीत नाही.

पाकीट फोडलं. पत्ता वेवजीचा निघाला, तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेला. रविवारी सकाळी अध्यक्षांच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो, डिकीत चिकूची टोपली. गावात कोणाला विचारायचं, तर मी नुसतं “कोंबडा” म्हटलं आणि वाटेतल्या एका बाईने लगेच पाड्याकडे हात केला.

लेखक पन्नाशीचे होते. सडपातळ, धुतलेला पांढरा शर्ट, गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. थोडी शेती, बाकीचे दिवस मिळेल ते काम. अंगणात खाट टाकून तिच्यावर कोरी चादर घातलेली. आम्हाला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

“तपासणीला आलात ना? मी रोज वाट बघत होतो,” ते म्हणाले. “आमच्याकडे तपासायला येतो म्हणून सगळे सांगतात. तुम्ही पहिल्या आलात.”

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. धाक म्हणून लिहिलेल्या त्या नियमाकडे ते आमंत्रण म्हणून बघत होते.

मी कामाला लागले. “पांढरा कोंबडा कुठे आहे?”

“पांढरा नाही. तांबडा आहे.” त्यांनी बोट दाखवलं. अध्यक्षांच्या गाडीच्या बॉनेटवर एक भलामोठा तांबडा कोंबडा चढून काचेत स्वतःलाच बघत होता.

“कथेत तर पांढरा लिहिलंत.”

“एक गोष्ट खोटी पाहिजे असं छापलं होतं, बाई. मग मी रंग खोटा लिहिला. बाकी सगळं खरं आहे.”

ग्रंथपालबाई तोंडाला पदर लावून विहिरीकडे बघायला लागल्या. मी व्याख्या करायला दोन महिने घेतले होते आणि या माणसाने ती तंतोतंत पाळून मला चारी मुंड्या चीत केलं होतं. व्याख्येत कुठे बसत नाही असं मला म्हणताच येईना.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. मोठी मुलगी गेल्या वर्षी हद्दीपलीकडे दिली होती. व्याही येत्या रविवारी येणार होते. मागच्या खेपेला त्यांनी कोंबडा दोन्ही हातांत उचलून वजनाचा अंदाज घेतला होता आणि “आता पुढच्या वेळी हाच” असं म्हणून गेले होते. व्याह्याने कोंबड्याचं कौतुक केलं की तो कापायचा, हे पाड्यात ठरलेलं. नाही कापला तर सासरी मुलीला ऐकून घ्यावं लागतं. “आता सात दिवस राहिले,” ते म्हणाले. “तुम्ही तपासून, हे विज्ञान आहे असं लिहून दिलं की झालं.”

म्हणजे आम्ही त्यांच्या कथेला पहिला नंबर द्यायला आलो होतो आणि ते कोंबड्याचा जीव वाचवायला बसले होते. आणि दोन्ही एकदम होणार नव्हतं.

मी पुरावा मागितला. ते घरातून कॅलेंडर घेऊन आले. लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा केलेल्या. कोंबडा ओरडला की लाल, जमीन हलली की निळी. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने न सांगता निरीक्षणं नोंदवली नव्हती. मी चष्मा पुसून महिने बघायला घेतले. प्रत्येक निळ्या खुणेच्या आधी लाल खूण होती, अगदी प्रत्येक. फक्त लाल खुणा उरलेल्या दिवसांवरही होत्या. सगळ्याच दिवसांवर होत्या. काही चौकोनांत तर तारीख दिसत नव्हती.

“हा रोज ओरडतो?”

“रोज. कधी हलेल ते सांगता येत नाही ना,” ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की दिवसभर ओरडणारा कोंबडा कशाच्याही आधीच ओरडलेला असतो, टपाल यायच्या आधीसुद्धा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “तलासरीकडे सरकारने मशीनं बसवलीत. ती हलायच्या आधी सांगतात का?” मी म्हटलं, नाही, ती नंतर मोजतात. त्यांनी नुसतं कॅलेंडरकडे बघितलं. अध्यक्षांनी मात्र “वा” म्हटलं, आणि मी त्यांच्याकडे रागाने बघितलं.

प्रयोग करायचा तर तुलनेला दुसरा कोंबडा हवा. शेजारच्या अंगणात एक काळा कोंबडा होता. मी म्हटलं, दोघांच्या वेळा मांडू. जमीन हलण्याचं याला कळत असेल तर त्यालाही कळायला हवं. लेखक म्हणाले, तोही ओरडतो, पण याचं ऐकून. ठीक आहे, तेही तपासू, मी म्हटलं. ग्रंथपालबाईंना घड्याळ देऊन तांबड्यापाशी बसवलं, अध्यक्षांना काळ्यापाशी. अध्यक्ष त्याच्याशी अहोजाहो करत होते. तासाभरात तांबडा अकरा वेळा ओरडला, काळा सात वेळा. जमीन जागची हलली नाही.

मग आम्ही चहा प्यायला उठलो, आणि दुपारी लेखकांच्या पत्नी जेवायला बोलवायला आल्या. सकाळपासून त्या चुलीपाशीच होत्या, आमच्याशी फारसं बोलल्या नव्हत्या. घरात पंगत मांडलेली. भात, नागलीची भाकरी, आणि वाटीत लालभडक रस्सा. मी वाटीत बघितलं आणि हातातली भाकरी ताटात परत ठेवली. पाहुणे आले की यांच्याकडे काय कापतात हे मला आधी कळायला हवं होतं. आम्ही कोंबड्याला तपासायला आलो आणि आमच्याच पायगुणाने तो वाटीत आला, असं मला वाटलं आणि घास काही उचलवेना.

बाईंनी माझा चेहरा वाचला. “तो नाही,” त्या म्हणाल्या. “शेजारचा आहे. काळा.”

अध्यक्षांचा हात तोंडापाशी थांबला. तासभर त्यांनी त्याच्याशी अहोजाहो केलं होतं आणि आपण चहा प्यायला उठलो तेवढ्यात काय झालं हे त्यांना आता कळलं होतं. माझा तुलनेचा नमुना रश्श्यात होता. विज्ञानाच्या दृष्टीने प्रयोग तिथेच संपला. मग मी जेवले. रस्सा फार सुरेख झाला होता, हे लिहायला मला लाज वाटते.

आम्ही हात धुवायला उठणार तेवढ्यात खालून घुर्र असा आवाज आला. ताटं वाजली. भिंतीवरची देवाची तसबीर जराशी तिरकी झाली. सगळे जागच्या जागी थांबलो. चार-पाच सेकंद असतील. मग थांबलं. आणि अंगणातून आवाज नाही.

आम्ही सगळ्यांनी दाराबाहेर बघितलं. तांबडा कोंबडा आम्ही आणून अंगणात ठेवलेल्या चिकूच्या टोपलीत बसून एका पिकल्या चिकूवर चोच मारत होता. सकाळपासून ओरडून ओरडून दमला असावा. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि एकदाच, उगाचच, आरवला.

मला त्या माणसाकडे बघवेना. परीक्षक समोर बसलेले असताना हे व्हावं. त्यांनी मात्र शांतपणे हात धुतले, पुसले, कॅलेंडर काढलं आणि आजच्या चौकोनात निळी खूण केली. मग बाजूला पेन्सिलीने लिहिलं, ‘चुकला’. कोणी सांगितलं नव्हतं. लिहिलं नसतं तर आम्ही विचारणारही नव्हतो. माझ्या प्रयोगशाळेत मुलं उत्तर आधी लिहून मग निरीक्षण बनवायची, आणि हा माणूस, ज्याला आज सकाळच्या ओरडण्याची लाल खूण करून सगळं साधलं असतं, तो स्वतःच्या हाताने आपल्या कोंबड्याविरुद्ध साक्ष नोंदवत होता. मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

“मग आता?” मी विचारलं.

ते उंबऱ्यावर बसले. “खूप हलायची तेव्हा आम्ही सगळे अंगणात झोपायचो, ताडपत्रीखाली. भिंतींवर विश्वास नव्हता. हा खाटेच्या दांडीवर, माझ्या डोक्यापाशी. ओरडला की मी उठायचो आणि माणसं मोजायचो. सहा. सहा भरली की परत आडवा व्हायचो. पुष्कळदा हलायचीच नाही. पण मोजून तर व्हायचं.” मग म्हणाले, “त्याला कळतं की नाही ते मला माहीत नाही, बाई. पण आमच्या घरात झोप उडवायचं काम तोच करत होता, आणि त्यालाच आम्ही खायचं?”

अध्यक्ष रुमाल शोधायला लागले. मला वाटलं, हेच कथेत का नाही लिहिलं यांनी. मग कळलं, ते लिहिलं असतं तर तपासता आलं नसतं.

मी त्यांना सांगून टाकलं, “तुमची कथा आम्ही पहिली काढलीय. ढाल आहे, पुस्तकं आहेत. सगळ्यांसमोर वाचू.”

ते ताडकन उठले. “नको. पहिली काढलीत तर ती गोष्ट ठरेल. व्याही म्हणतील, गोष्टच आहे ना, मग कापा.”

“अहो, चौदांत ती सगळ्यांत चांगली आहे.”

“असू दे. ती काढून टाका.” हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या त्या अडीच पानांकडे बघत होते, आणि मला कळलं की त्यांना ती ढाल हवी होती. फार हवी होती.

मग त्यांच्या पत्नी पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलल्या. इतका वेळ मी समजत होते की कोंबडा कापायचा आग्रह त्यांचा असणार. “बाय, मला पण तो कापायचा नाही,” त्या म्हणाल्या. “पण व्याह्याला मी तोंडाने नाही कशी म्हणू? मुलगी त्यांच्या घरात आहे. कागद पाहिजे. कागदाला कोणी काही बोलत नाही.”

आयुष्यात मी एकाही मुलाला खोटा गुण दिलेला नाही. माझ्या सख्ख्या भाच्याला प्रात्यक्षिकात नापास केलं, वहिनी अजून बोलत नाही. मी पेन काढलं, वाचनालयाचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘वेवजी येथील सदर तांबडा कोंबडा हा वैज्ञानिक निरीक्षणाखाली असून निरीक्षण पूर्ण होईपर्यंत त्यास कापू नये.’ लिहून मी स्वतःला बजावलं की यात एकही शब्द खोटा नाही. निरीक्षण चालूच होतं, कॅलेंडर साक्षीला होतं.

“पूर्ण कधी होणार?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“विज्ञानात निरीक्षण पूर्ण होत नसतं,” मी म्हटलं. त्यांनी पर्समधून शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि असा मारला की खाट हलली.

लेखकांच्या पत्नींनी कागद हातात घेतला, एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचला आणि परत दिला. “कापू नये लिहिलंय. व्याही मान मुरगळेल. खाऊ नये लिहा.” मी लिहिलं. विकू नये, भेट देऊ नये, हेही लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, त्रास देऊ नये. तेही लिहिलं. इतका भक्कम कागद त्या वाचनालयातून त्याआधी कधी निघाला नव्हता.

पुढच्या महिन्यात बक्षीस समारंभ झाला. पहिला नंबर चिकू तोडणाऱ्या यंत्रमानवाला गेला. कथा ठीक होती. विज्ञानकथेची व्याख्या या विषयावर चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी कागदावर दोन पानं लिहून आणली होती, आणि उभी राहिले तर शेवटच्या रांगेत तोच पांढरा शर्ट, गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. वेवजीहून दोन गाड्या बदलून तो माणूस दुसऱ्याचं बक्षीस बघायला आला होता. मी पानं घडी घातली. एक गोष्ट खोटी, बाकी खरं, एवढंच म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं बाईंचा घसा बसलाय. यंत्रमानवाच्या लेखकाला ढाल दिली तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या शेवटच्या रांगेतून वाजत होत्या. मला त्या ऐकवेनात.

चहाच्या वेळी ते माझ्यापाशी आले.

“व्याही येऊन गेले,” ते म्हणाले. “कागद दोनदा वाचला. कोंबड्याला हातसुद्धा लावला नाही. लांबून नमस्कार केला.”

“मग चांगलं झालं की.”

“हो.” त्यांनी चहाचा एक घोट घेतला. “पण जाताना बकरीकडे बघत होते.”

मी कप खाली ठेवला. “बकरीत काही आहे का?”

“अजून तरी नाही.” त्यांनी शर्टाच्या आतून गणिताची नवी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घातलेली होती आणि खाली एकच ओळ होती. “पण लिहायला घेतलंय.”

“लिहा,” मी म्हटलं. “लवकर लिहा. तपासायला मी येते.”